महादेवाच्या डोंगरांतील रान व वणवा

शिवरात्र जवळ आली म्हणजे वऱ्हाड-नागपुराकडील पुष्कळ खेड्यांतून महादेवाच्या डोंगराकडे माणसें निघतात. कोणी नवस फेडण्यासाठीं जड त्रिशूळ खांद्यावर घेतो, कोणी पोराबाळांसह जातो, आणि ज्यास जाणें जमत नाहीं तो जाणाराच्या हातीं नारळ देतो. ही चाल आजोबा-पणजोबांपासूनची आहे. आतां रेल्वे व मोटारी यांची सोय झाली असली तरी चौरागडाची चढण पायींच चढावी लागते. इतक्या पिढ्या त्या डोंगरांत जात असूनही तेथील रानाकडे आपण देवदर्शनाच्या वाटेवरील सांवली एवढ्याच दृष्टीनें पाहत आलों. तें रान कसें घडलें, त्याच्या पोटांत काय सांठलेलें आहे, आणि आपण तेथें जाऊन त्याचें काय करून येतों, हे प्रश्न शेतकऱ्यानें स्वतःस विचारण्यासारखे आहेत. कारण रान व शेत हीं एकाच पाण्यावर जगणारीं आहेत. गेल्या फाल्गुनांत यात्रा सरल्यावर थोड्याच दिवसांनीं आम्हीं तें रान हिंडून पाहिलें. त्याची हकीकत येथें देत आहों.

स्थळ व मार्ग

पचमढी हें ठिकाण मध्यप्रदेशांत, पूर्वींच्या होशंगाबाद व २०२२ सालापासून नर्मदापुरम् म्हणविल्या जाणाऱ्या जिल्ह्यांत, सातपुड्याच्या माथ्यावर सुमारें साडेतीन हजार फूट उंचीवर आहे. इटारसी-जबलपूर रेल्वेमार्गावरील पिपरिया स्टेशनापासून मोटारीनें सुमारें ५० किलोमीटर अंतर पडतें. नागपुराकडून येणारास छिंदवाडा व तामिया यांवरून मटकुली या गांवीं यावें लागतें. तेथें दोन्ही रस्ते मिळतात, देनवा नदी लागते व पुढें घाट सुरू होतो. मध्यप्रांत व वऱ्हाड हा एक प्रांत असतां नागपूरचें सरकार उन्हाळ्यांत येथें येऊन राहत असे. १८६२ सालीं कॅप्टन जेम्स फोर्सिथ या अधिकाऱ्यानें येथें ‘बायसन लॉज’ नांवाचा बंगला बांधला. तो अद्याप उभा असून त्यांत आतां वनखात्याचें संग्रहालय आहे.

या डोंगरांचा मोठा भाग १९८१ सालीं सातपुडा राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला गेला. पुढें १९९९ सालीं पचमढीच्या भोंवतालचा सुमारें पांच हजार चौरस किलोमीटरांचा प्रदेश जीवावरणक्षेत्र म्हणून जाहीर झाला, व २००९ सालीं युनेस्कोनें त्यास आपल्या जागतिक मालिकेंत स्थान दिलें. पावसाळ्याचे तीन महिने उद्यानाचा आंतला भाग प्रवाशांस बंद असतो. इतर वेळीं परवाना व वाटाड्या घेऊन ठराविक वाटांनीं हिंडतां येतें.

कडे व गुहा

आपल्याकडील सह्याद्रीचे कडे काळ्या पाषाणाचे, म्हणजे ज्वालामुखीच्या रसाचे आहेत. पचमढीचे कडे तसे नाहींत. हा वालुकापाषाण आहे. वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं मोठाल्या नद्यांनीं आणून टाकलेली वाळू थरावर थर चढून दगड झाली, व कालांतरानें वर उचलली गेली. या जातीच्या थरांस भूगर्भशास्त्रज्ञांनीं गोंडांच्या देशावरून ‘गोंडवन’ असें नांव दिलें, आणि तेंच नांव आज सर्व जगांत चालतें. दगडांत लोहाचा अंश असल्यानें कड्यांवर तांबूस व पिंवळे पट्टे दिसतात. हांडी खोह या दरीच्या कांठावर उभें राहिलें असतां सुमारें ३०० फूट सरळ खालीं दृष्टि जाते, आणि तळांतील झाडांचे शेंडे हिरव्या गोधडीसारखे एकमेकांत मिसळलेले दिसतात. धूपगड हें सातपुड्याचें सर्वांत उंच शिखर सुमारें १३५० मीटर आहे. चौरागड त्याहून किंचित् ठेंगणा.

वालुकापाषाण पाणी पितो, हा त्याचा गुण शेतकऱ्यानें ध्यानांत घ्यावा. येथें वर्षाकांठीं सुमारें ८० इंच पाऊस पडतो. तो भेगांतून व दगडाच्या छिद्रांतून मुरत जातो आणि खालच्या कठीण थराशीं अडून कड्याच्या पोटांतून झऱ्यारूपानें बाहेर येतो. जेथें पाणी झिरपतें तेथें दगड झिजतो व कपार होते. कपारीची पुढें गुहा होते. जटाशंकर, महादेव व गुप्त महादेव या गुहा अशाच पाण्याजवळच्या आहेत. आम्ही फाल्गुनांत गेलों तेव्हां खालच्या मैदानांत ऊन चटके देऊं लागलें होतें. पण जटाशंकराच्या दरींत उतरतांच अंगावर गारवा आला, व छतावरून थेंबथेंब पाणी पडत होतें. गुप्त महादेवाच्या गुहेंत तर अंग चोरून, एकामागें एक असेंच आंत शिरावें लागतें.

ज्या पांच मढ्यांवरून गांवास नांव पडलें त्यांस लोक पांडवांच्या म्हणतात. पुराणवस्तुशास्त्रज्ञ त्या बौद्ध भिक्षूंच्या राहण्याच्या होत्या असें मानतात. याखेरीज कड्यांच्या बुडाशीं पुढें आलेल्या दगडांखालीं अनेक आडोसे आहेत, व त्यांच्या भिंतींवर प्राचीन मनुष्यानें तांबड्या व पांढऱ्या रंगांनीं चित्रें काढलेलीं आहेत. शिकार, नाच, गुरें, झाडावरचें मोहळ काढणारीं माणसें, असे त्यांत देखावे आहेत. १९३० नंतरच्या दशकांत यांपैकीं एका आडोशांत खणून पाहिलें तेव्हां दगडाचीं अगदीं बारीक हत्यारें सांपडलीं. मोहळ काढणारा मनुष्य धूर करतोच. तेव्हां या रानांत मनुष्याच्या हातची आग किती जुनी आहे याची कल्पना त्या चित्रावरून येते.

आगीनें घडलेलें रान

येथील रानाचे स्थूलमानानें तीन भाग पडतात. काळ्या पाषाणावर झालेल्या जमिनींत साग आहे. वालुकापाषाणाच्या पठारावर व देनवेच्या खोऱ्यांत साल वृक्ष आहे. मध्यहिंदुस्थानांत सालाचीं मोठीं रानें पूर्वेकडे मंडला-बालाघाटाच्या बाजूस आहेत. त्यांपासून तुटलेला हा पश्चिमेकडील तुकडा पाहून फोर्सिथलाहि नवल वाटलें होतें. तिसरा भाग दऱ्यांचा. तेथें जांभूळ, रानआंबा, अर्जुन यांची दाट सांवली आणि त्यांखालीं नेच्यांच्या नाना जाती, एवढेंच नव्हे तर मनुष्यापेक्षां उंच होणारा वृक्षनेचाहि आढळतो.

हे तीन भाग मातीनें व पाण्यानें ठरविले हें खरें. पण त्यांवर आगीनेंहि आपली रेघ ओढलेली आहे. वरच्या उतारावर साग, ऐन, पळस, मोह, तेंदू, चारोळी हींच झाडें कां, याचें उत्तर त्यांच्या मुळांत व सालींत सांपडतें. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी जाड व भेगाळ असते; तिच्या आंत जाळाची धग लवकर पोंचत नाहीं. पळस कितीदां होरपळला तरी बुडापासून फुटतो. तेंदू मुळांवरून नवे कोंब काढतो. सागाचें रोप तर वर्षानुवर्षें जळून जमिनीबरोबर होतें. परंतु दर पावसाळ्यांत त्याचें मूळ जाड होत जातें, आणि एखादीं दोन वर्षें आग चुकली कीं त्या सांठविलेल्या जोरावर सरळ उंच कोंब वर येतो व जाळाच्या आटोक्याबाहेर जातो. जीं झाडें असें करूं शकत नाहींत तीं उतारावरून नाहींशीं झालीं, व जेथें ओल असल्यामुळें आग विझते अशा दऱ्यांत मात्र टिकून राहिलीं. कांठावर उभें राहून पाहिलें तर वरची पानगळीची उघडी वनराजी आणि खालची हिरवी दाटी यांमधील सीमा स्पष्ट दिसते. ती सीमा म्हणजे वणव्याच्या थांबण्याची जागा होय.

यावरून आग रानास हितकारकच आहे असा अर्थ कोणी काढूं नये. या बाबतींत सरकारी वनखात्याचीहि मतें दोनदां बदललीं, तो इतिहास बोधप्रद आहे. पचमढीच्या दक्षिणेस पायथ्याशीं बोरीचें सागवानी रान आहे. १८६० नंतरच्या दशकांत कर्नल पिअर्सन यांनीं तें वणव्यापासून राखण्याचा प्रयत्न केला. हिंदुस्थानांत असें रान आगीपासून वांचवितां येईल यावर तेव्हां फारसा कोणाचा विश्वास नव्हता; परंतु जाळरेषा काढून व पहारे ठेवून तें साधलें, आणि पुढें आग म्हणजे रानाचा शत्रु हें सूत्रच बनलें. दह्या नांवाची गोंड-कोरकूंची फिरती शेती, जींत झाडें तोडून वाळवून जाळीत व राखेंत बीं फेंकीत, ती याच काळांत बंद करण्यांत येऊं लागली. यामुळें त्या लोकांचे फार हाल झाले हेंहि सांगितलें पाहिजे.

मग पंचवीस-तीस वर्षांनीं उलट अनुभव येऊं लागला. १८९६ सालीं ‘इंडियन फॉरेस्टर’ मासिकांत स्लेड नांवाच्या अधिकाऱ्यानें ब्रह्मदेशांतील रानें आगीपासून अति राखल्यामुळें सागाची नवी पैदास खुंटते आहे अशी तक्रार केली. बंगाल-आसामकडील ओलसर सालवनांतहि हेंच दिसून आलें. सालाचें बीं मृगाच्या सुमारास पडतें व आठपंधरा दिवसांत रुजलें नाहीं तर मरतें. खालीं पानांचा जाड थर असेल तर त्याचें मूळ मातीपर्यंत पोंचत नाहीं. तेव्हां बीं पडण्यापूर्वीं बेतानें पाचोळा जाळणें कांहीं ठिकाणीं वनखात्यासच सुरू करावें लागलें. तात्पर्य, आग मुळींच नको हेंहि बरोबर नाहीं, आणि दरसाल आग लागो हेंहि बरोबर नाहीं. कोणत्या रानास, कोणत्या महिन्यांत, किती वर्षांनीं व कोणाच्या हातानें, या चार गोष्टींवर सर्व अवलंबून आहे.

तीन दगडांची चूल

चौरागडाच्या वाटेवर आमच्याबरोबर मटकुलीकडील एका खेड्यांतील साठी उलटलेले कोरकू गृहस्थ होते. सगळे त्यांस दादा म्हणत. एका वळणावर ते थांबले व कांहीं न बोलतां काठीनें खालचा उतार दाखविला. वाटेच्या एका बाजूस गुडघाभर पाचोळा होता, दुसऱ्या बाजूस जमीन काळी पडली होती. तो काळा पट्टा वर चढत जाऊन रुंद झाला होता व एका नाल्याच्या ओलीशीं थांबला होता. आम्ही त्याच्या अरुंद टोंकाकडे उतरलों. तेथें तीन दगडांची चूल होती, शेजारीं नारळाच्या करवंट्या आणि गोवऱ्यांच्या राखेंत विसरून राहिलेला एक करपलेला रोडगा होता.

तो रोडगा पाहून आम्हांस लाज वाटली. गोवऱ्यांच्या आरांत रोडगे भाजणारीं माणसें कोणत्या मुलुखांतलीं, हें वऱ्हाडच्या वाचकांस सांगावयास नको. ज्यांनीं ती चूल मांडली त्यांनीं दुष्टपणानें कांहीं केलें नसेल. भक्तीनें आलेलीं, थकलेलीं, पोराबाळांचीं माणसें असतील. जेवून उठलीं, वर राख दिसली म्हणून आग विझली असें समजलीं आणि चालूं लागलीं. गोवरीचा निखारा राखेखालीं कितीतरी वेळ धुमसत राहतो हें घरच्या चुलीजवळ सर्वांस ठाऊक असतें. परक्या रानांत तें कोणास आठवत नाहीं.

दादांस आम्हीं विचारलें, पूर्वीं तुम्ही लोकहि रान जाळीत होतां ना? त्यांनीं नाकारलें नाहीं. मोहाखालीं फुलें वेंचतां यावीं म्हणून पाला जाळीत, गुरांस नवें गवत फुटावें म्हणून माळ जाळीत, हें त्यांनीं सरळ सांगितलें. पण पेटविणारा मनुष्य गांवचा असे, वारा पाहून पेटवी, आणि आपलेंच रान म्हणून जाळ विझेपर्यंत तेथून हलत नसे. आतां पेटविणारा सांजेपर्यंत दुसऱ्या जिल्ह्यांत गेलेला असतो, असें त्यांचें म्हणणें पडलें.

वणव्याचा जमाखर्च

वनखात्याच्या हिशेबानें वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीस सुरू होतो व १५ जूनपर्यंत चालतो. शिवरात्र नेमकी त्याच्या तोंडाशीं येते. सागाचीं पानें गळून वाळलेलीं असतात, गवत पिंवळें झालेलें असतें. त्यांत घाणेरीचीं झुडपें सर्वत्र माजलेलीं असल्यामुळें जाळ जमिनीवरून वर चढण्यास शिडी मिळते. आपल्याकडील वणवा बहुधा जमिनीलगतच धांवतो व मोठीं झाडें उभीं राहतात. म्हणून पाहणारास वाटतें, फारसें बिघडलें नाहीं. खरा तोटा खालीं होतो.

पाचोळ्यांतील नत्र हवेंत उडून जातें. पालाश व चुना राखेंत उरतात, पण उघड्या उतारावरची राख पहिल्या वळवाच्या सरीबरोबर वाहून जाते. पाचोळ्याचें आच्छादन गेल्यानें पावसाचा थेंब सरळ मातीवर आपटतो, वरचा पोत मिटतो, आणि जें पाणी दगडांत मुरून चैत्र-वैशाखांत झऱ्यास यावयाचें तें माती घेऊन नाल्यानें धांवत सुटतें. ही माती कोठें जाते? देनवा तवा नदीस मिळते व तवा नर्मदेस. तवेवरील धरण १९७० नंतरच्या दशकांत पुरें झालें व त्याच्या कालव्यांवर नर्मदाकांठचा गहूं उभा आहे. या पर्वतरांगेच्या दक्षिण अंगाच्या कन्हान, पेंच व वर्धा या नद्या तर आपल्याच मुलुखांत येतात. सातपुड्याच्या उतारावरील माती म्हणजे धरणांतील गाळ होय, व गाळ म्हणजे उन्हाळी पाण्यांत घट.

गवताचेंहि तसेंच. जाळलेल्या माळावर आठ दिवसांत हिरवे कोंब दिसतात व गुरें तेथें तुटून पडतात, म्हणून माळ जाळणें हिताचें असा समज आहे. परंतु दरसाल जाळलेल्या माळावर पवन्या, मारवेल यांसारखीं चांगलीं गवतें हटतात व कुसळी माजते. चार दिवसांच्या हिरव्या चाऱ्यासाठीं पुढील कित्येक वर्षांचा चांगला चारा गमवावा लागतो.

आपलें कर्तव्य

यावर उपाय अवघड नाहींत व खर्चाचेहि नाहींत. तेंदूचीं झुडपें जाळण्याऐवजीं कोयत्यानें छाटलीं तरी कोंवळीं पानें भरपूर फुटतात. मोहाच्या झाडाखालीं जाळी किंवा जुनीं लुगडीं अंथरलीं तर फूल स्वच्छ मिळतें, राख-मातीनें खराब होत नाहीं व भावहि बरा येतो. पाला काढावयाचाच असेल तर खराट्यानें ओढून खड्ड्यांत टाकावा. त्याचें खत होईल.

रानाच्या कडेस ज्यांचीं शेतें आहेत त्यांनीं धुऱ्यावरचें गवत पेटविण्यापूर्वीं शेत व रान यांमध्यें दहा-बारा हात रुंदीचा पट्टा साफ करावा. वारा पडल्यावर, सकाळीं, पाण्याचे हंडे व हिरव्या डहाळ्या जवळ ठेवून, दोघांतिघांनीं मिळूनच आग लावावी, व शेवटचा धूर विझल्याशिवाय घरीं जाऊं नये. शक्य असल्यास पेटवूंच नये. नर्मदाखोऱ्यांत यंत्रानें कापणी होऊं लागल्यापासून गव्हाचा उभा काड, ज्यास तेथें नरवाई म्हणतात, जाळण्याची चाल फार वाढली आहे. ती आपल्याकडे रुजूं देऊं नये. जो सेंद्रिय अंश जमिनींत घालण्यासाठीं आपण पैसे मोजून शेणखत आणतों, तोच आपल्या हातानें जाळून टाकणें हा कोणता हिशेब?

कायद्याचीहि माहिती असावी. १९२७ च्या वन अधिनियमाप्रमाणें राखीव रानांत आग लावणें हा गुन्हा आहे. इतकेंच नव्हे, तर ज्यांस राखीव रानांत चराईचे किंवा लांकूडफांट्याचे हक्क आहेत त्यांनीं वणवा लागल्यास वनाधिकाऱ्यांस कळविणें व विझविण्यास मदत करणें हें त्यांच्यावर बंधनकारक आहे. हल्लीं उपग्रहांवरून आगीची जागा टिपून भारतीय वनसर्वेक्षण संस्था वनखात्यास सूचना पाठविते. पण उपग्रह आग दाखवितो, विझवीत नाहीं. विझविणारा अखेर हिरवी डहाळी घेतलेला जवळचाच मनुष्य असतो.

यात्रेस जाणारांस आमची विनंति एवढीच कीं, रानांत चूल मांडूं नये. दशम्या-धपाटे बांधून न्यावे. मांडावीच लागली तर जेथें मुक्कामाची जागा ठरवून दिलेली असेल तेथेंच मांडावी. भोंवतालचा पाचोळा दोन हात दूर सारावा. उठतांना निखाऱ्यांवर पाणी ओतावें, काठीनें राख उलथून पुन्हां ओतावें, आणि शेवटीं राखेंत हात घालून पाहावा. हात भाजला नाहीं म्हणजे आग विझली. विडी ओढणारानें थोटूक वाटेवर टाकूं नये. तें जळत्या चुलीहून लहान असलें तरी त्याचें काम तेंच आहे.

जटाशंकराच्या दरीची स्थानिक कथा अशी कीं, महादेवानें ज्यास वर दिला तो भस्मासुर ज्याच्या डोक्यावर हात ठेवी तें भस्म होई, आणि त्याच्याच भयानें देवास या गुहांत लपावें लागलें. आपण त्या गुहेंत जाऊन हात जोडतों, आणि बाहेर येऊन त्याच डोंगराच्या डोक्यावर निखारा ठेवून परततों. पुढील शिवरात्रीस जे बंधु चौरागडास जातील त्यांनीं आपल्या तांड्यांत एका मनुष्याकडे चूल विझविण्याचें काम आधींच नेमून द्यावें. गांवोगांवच्या मंडळ्यांनीं हा ठराव निघण्यापूर्वींच करावा, व परत आल्यावर वाटेवर काय दिसलें तें या मासिकास अवश्य कळवावें.